प्लेटिंगचं सांडपाणी: कोणती टाकी आधी, कोणती नंतर

ईटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) पाणी नापास होतंय म्हणून बोलावणं आलं की मी आधी रसायनांच्या खोलीत डोकावतो. बहुतेक वेळा तिथे कशाचीच कमी नसते. चुना, कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), मेटा (सोडियम मेटाबायसल्फाइट), हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), फेरिक (फेरिक क्लोराइड), पॉली (बारीक कण गोळा करणारं पॉलिमर), सगळं रचून ठेवलेलं. पंप चालू, अ‍ॅजिटेटर फिरतायत आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात निकेल किंवा क्रोम मर्यादेच्या दुप्पट. अशा वेळी रसायन बहुधा भरपूर पडलेलं असतं, पण चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पीएचला. ऑपरेटर बिचारा डोस वाढवत राहतो, साका (तळाला बसणारा गाळ) वाढतो, आकडा जागचा हलत नाही.

इथे इलेक्ट्रोप्लेटिंगचं सांडपाणी उदाहरणाला घेतलंय, कारण सायनाइड, सहा संयुजेचं क्रोमियम, जड धातू आणि आम्ल-अल्कली अशी सगळी दुखणी त्यात एकत्र भेटतात. पद्धत बॅचची धरली आहे, म्हणजे टाकी भरायची, प्रक्रिया पूर्ण करायची, तपासायची आणि मगच सोडायची. लहान-मध्यम कारखान्यांना हीच सोयीची पडते. सलग चालणाऱ्या प्लांटलाही क्रम हाच लागू आहे.

## टप्पा १: पाणी उगमापाशीच वेगळं करा

किमान तीन वेगळ्या नळ्या आणि तीन वेगळ्या साठवण टाक्या लागतात:

१. सायनाइडचं पाणी (सायनाइड बाथमधल्या, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणातल्या, झिंक, कॉपर, कॅडमियम, चांदीच्या धुण्याचं)
२. क्रोमचं पाणी
३. बाकीचं आम्ल-अल्कली पाणी (पिकलिंग म्हणजे आम्लाने गंज काढणं, डीग्रीझिंग म्हणजे तेलकटपणा काढणं, निकेल, आम्ल झिंक)

चौथी टाकी परवडत असेल तर ती गुंतागुंतीच्या पाण्यासाठी ठेवा. इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय चढणाऱ्या) निकेलचं जुनं बाथ किंवा अमोनिया, ईडीटीए, सायट्रेट असलेलं पाणी तिच्यात जाईल. ही द्रव्यं धातूला धरून ठेवतात. कितीही चुना घाला, धातू पाण्यातून उतरत नाही.

> सावध: सायनाइडच्या पाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जीव घेतो. पीएच ९.२ च्या आसपासच निम्मं सायनाइड या वायूच्या रूपात आलेलं असतं. त्यामुळे सायनाइडच्या साठवण टाकीचा पीएच कायम ११ च्या वर ठेवा. या वायूचा कडू बदामासारखा वास अनेकांना येतच नाही. नाकावर विसंबू नका, गॅस डिटेक्टर बसवा.

इथली सर्रास दिसणारी चूक म्हणजे पिकलिंगचं पाणी सायनाइडच्या गटारात जाणं. आम्लाचा धोका तर उघडच आहे. पण त्या पाण्यातलं लोहही सायनाइडला घट्ट बिलगतं आणि तयार झालेलं संयुग हायपोने फुटत नाही. साक्यात निळसर झाक दिसू लागली तर कुठेतरी लोह आणि सायनाइड एकत्र येतंय असं समजा आणि नळ्या तपासायला घ्या.

दुसरी चूक बाथ बदलण्याच्या दिवशी होते. जुनं बाथ एकदम गटारात सोडतात. धुण्याच्या पाण्यात धातू लिटरमागे काही दहा-शेकडा मिलिग्रॅम असतो, तर बाथमध्ये अनेक ग्रॅम. असं बाथ वेगळ्या ड्रममध्ये साठवा आणि रोजच्या बॅचमध्ये मोजून थोडं थोडं सोडा.

पुढे जाण्याआधी: प्रत्येक साठवण टाकीतलं ग्लासभर पाणी घेऊन पीएच बघा. सायनाइड ११ च्या वर आहे ना? क्रोमच्या टाकीत सायनाइडचा मागमूस नाही ना? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच पंप सुरू करायचा.

## टप्पा २: मीटर, द्रावणं आणि हिशेब

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पीएच मीटर. ४, ७ आणि १० च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) निदान आठवड्यातून एकदा मिळवून घ्या. चुन्याचा थर बसलेली प्रोब (मीटरची पाण्यात बुडणारी कांडी) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं बुडवली की साफ होते. सायनाइडच्या टाकीतली प्रोब मात्र आधी भरपूर पाण्याने धुवा आणि आम्लाचं भांडं त्या टाकीपासून लांब ठेवा.

एकदा क्रोमची बॅच काही केल्या हिरवी होईना. मेटाची दोन पोती जादा गेली होती आणि टाकीजवळ उभं राहवत नव्हतं इतका गंधकाचा झणका येत होता. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पीएच बरोबर आहे. दोन पॉइंट तीन. सकाळपासून तेवढाच आहे." त्या 'सकाळपासून'नेच उत्तर दिलं. टाकीत आम्ल पडतंय, मेटा पडतोय आणि आकडा तसूभर हलत नाही, असं होत नसतं. प्रोब बाहेर काढली तर तिच्यावर पिवळट लगदा चिकटलेला. पीएचच्या कागदावर पाणी चारच्या पुढे निघालं. तेव्हापासून माझा नियम ठरलाय: मीटरचा आकडा तासभर हलला नाही तर मीटरवर संशय घ्यायचा आणि खिशातली पीएच कागदाची गुंडाळी काढायची.

ओआरपी मीटर. ऑक्सिडेशन आणि रिडक्शन कुठवर आलंय ते हा मिलिव्होल्टमध्ये सांगतो. पुढे दिलेले आकडे अंदाजासाठी आहेत. इलेक्ट्रोड आणि पाणी बदललं की आकडाही सरकतो. प्रयोगशाळेत एक बॅच पूर्ण करून आपल्या मीटरवर शेवटचा आकडा किती येतो ते भिंतीवर लिहून ठेवा.

द्रावणं. कोरडी पावडर टाकीत ओतू नका. चुना ५ ते १० टक्के दुधासारखा कालवून घ्या आणि सतत ढवळत ठेवा, नाहीतर खाली बसून पंपाचं तोंड बंद करतो. कॉस्टिक पाण्यात हळूहळू विरघळवा, ते चांगलंच तापतं. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीच नाही.

हायपोची ताकद मोजा. हायपो ऊन आणि उष्णतेने रोज मरत असतो. १० टक्के म्हणून आलेला ड्रम उन्हाळ्यात काही आठवड्यांत बराच खाली येतो. लेबलवरचा आकडा धरून डोस काढलात तर सायनाइड उरणारच. आयोडीन टायट्रेशन कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत होतं.

हिशेबाची रीत. लिटरमागे मिलिग्रॅम गुणिले घनमीटर म्हणजे थेट ग्रॅम. ५ घनमीटर पाण्यात लिटरमागे ८० मिलिग्रॅम क्रोमियम असेल तर एकूण ४०० ग्रॅम. एवढं पाठ असलं की पुढचे सगळे हिशेब तोंडी होतात.

> सावध: हायपो आणि आम्ल शेजारी ठेवू नका आणि एकाच मगाने काढू नका. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हायपो आणि मेटाही एकमेकांशी जोरात भिडतात आणि तापतात. प्रत्येक रसायनाचा मग, बादली आणि नळी वेगळी ठेवा, रंग मारून ठेवलात तर उत्तम. डोळे धुण्याचा नळ हाताच्या अंतरावर हवा. रसायन डोळ्यात गेलं तर सलग १५ मिनिटं तरी धुवायचं आणि मग डॉक्टरकडे जायचं.

## टप्पा ३: सायनाइड फोडणं

हे दोन पायऱ्यांत होतं आणि त्या दोन्हींचा पीएच वेगळा आहे. सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

पायरी अ: सायनाइडचं सायनेट

१. अ‍ॅजिटेटर सुरू करा. पीएच किमान १०.५ असू द्या.
२. हायपो हळूहळू सोडा. मध्ये तयार होणारं सायनोजेन क्लोराइडही विषारी वायूच आहे. पीएच १० च्या वर असेल तर ते लगेच फुटून सायनेट होतं, खाली असेल तर टाकीतून बाहेर पडतं.
३. पीएच १० च्या खाली येतोय असं दिसलं की आधी हायपो बंद, मग कॉस्टिक.
४. ओआरपी साधारण ३०० ते ४०० मिलिव्होल्टवर येऊन स्थिरावला की अर्धा तास ते तासभर तसंच ढवळत ठेवा.

पायरी ब: सायनेटचं नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड

१. पहिली पायरी पुरी झाली याची खात्री पटल्यावरच पातळ सल्फ्युरिक आम्लाने पीएच ८ ते ८.५ वर आणा. आम्ल थेंबाथेंबाने आणि अ‍ॅजिटेटरच्या जवळ सोडा. एका जागी ओतलं तर तेवढ्यापुरता पीएच कोसळतो आणि हायपोमधून क्लोरीन निघतो.
२. पुन्हा हायपो सुरू करा. ओआरपी ६०० ते ८०० च्या पट्ट्यात जाऊन टिकेपर्यंत सोडत रहा.
३. पुन्हा अर्धा ते एक तास ढवळा.

किती हायपो लागेल? पहिल्या पायरीला एक किलो सायनाइडमागे २.७३ किलो क्लोरीन लागतो, दोन्ही मिळून ६.८ किलो. ३,००० लिटर पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम सायनाइड असेल तर एकूण ३०० ग्रॅम झालं, म्हणजे सुमारे २.०५ किलो क्लोरीन. लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरीन देणारा ताजा हायपो असेल तर २०.५ लिटर पुरतो. तोच हायपो ६० ग्रॅमवर उतरला असेल तर ३४ लिटर लागतील. शिवाय तांबं आणि बाथमधली सेंद्रिय द्रव्यंही थोडा क्लोरीन खातात, म्हणून हिशेबाचा आकडा म्हणजे किमान समजा.

सर्रास होणाऱ्या चुका

- हवा सोडून ढवळणं. बुडबुड्यांबरोबर विषारी वायूही वर येतो. इथे पंख्याचा अ‍ॅजिटेटरच हवा.
- ओआरपीने आकडा गाठला की लगेच पुढे जाणं. निकेलशी बांधलेलं सायनाइड सावकाश फुटतं, त्याला वेळ द्यावा लागतो.
- उरलेला क्लोरीन तसाच पुढच्या टाकीत जाऊ देणं. याचा फटका टप्पा ५ मध्ये बसतो.

पुढे जाण्याआधी: आयोडाइड-स्टार्चची पट्टी निळी होते का बघा. झाली तर क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे हायपो कमी पडलेला नाही. मग किटने सायनाइड मोजा, पण नमुन्यातला क्लोरीन किटच्या सूचनेप्रमाणे आधी मारून घ्या. हे झाल्यावर टाकीतला जादा क्लोरीन थोड्या मेटाने संपवा. पट्टी पांढरीच राहिली की टाकी सोडायला मोकळी.

## टप्पा ४: क्रोमियम खाली आणणं

सहा संयुजेचं क्रोमियम चुन्याने उतरत नाही. आधी ते तीन संयुजेचं करायचं, मग उतरवायचं. हा क्रम उलटा करून चालत नाही.

१. सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ करा. ३ पर्यंत चालतं, पण वेळ वाढतो. ४ च्या पुढे प्रक्रिया इतकी रेंगाळते की ऑपरेटरचा धीर सुटतो आणि तो आणखी मेटा ओततो.
२. मेटाचं १० टक्के द्रावण हळूहळू सोडा. ओआरपी खाली घसरू लागेल. पीएच २ ते २.५ ला साधारण २५० ते ३०० मिलिव्होल्टवर काम झालेलं असतं.
३. वीस ते तीस मिनिटं ढवळून पुन्हा ओआरपी बघा. वर चढला असेल तर अजून थोडा मेटा.

मेटाचा हिशेब: एक ग्रॅम क्रोमियममागे २.७४ ग्रॅम. मघाच्या ४०० ग्रॅमला १.१ किलो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही मेटा खातो, त्यामुळे १.३ ते १.५ किलोची तयारी ठेवा आणि शेवटचा निवाडा ओआरपीवर सोपवा. हवेने ढवळणारे इथेही फसतात. हवा ऑक्सिजन पुरवत राहते, सल्फर डायऑक्साइड उडवून नेते आणि मेटा दोन्हीकडून वाया जातो.

रंगाकडे बघायला शिका. पांढऱ्या प्लास्टिकच्या मगात पाणी काढून खिडकीजवळ धरा. सुरुवातीला ते केशरी-पिवळं असतं. मेटा पडू लागला की मधली मळकट, शेवाळी छटा येते, ऑपरेटरला वाटतं झालं. झालेलं नसतं. पिवळा आणि हिरवा मिसळून तो मळका रंग आलेला असतो. पूर्ण झालेलं पाणी स्वच्छ निळसर हिरवं दिसतं. तरीही लिटरमागे दोन-चार मिलिग्रॅम क्रोमियमचा पिवळेपणा डोळ्याला दिसत नाही, म्हणून डोळ्यावर बॅच सोडायची नाही.

पुढे जाण्याआधी: डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब टाका. जांभळट गुलाबी रंग आला तर सहा संयुजेचं क्रोमियम अजून आहे. रंग आला नाही तरच पुढे.

> सावध: नाकाला झणका बसत असेल तर एकतर मेटा जादा झालाय किंवा पीएच २ च्या बराच खाली गेलाय. सल्फर डायऑक्साइडने दमेकऱ्याला लगेच धाप लागते. टाकीवर झाकण आणि ओढपंखा हवाच.

मेटाऐवजी फेरस सल्फेट वापरणारेही आहेत. ते अल्कली पाण्यातही काम करतं हा त्याचा फायदा, पण एक ग्रॅम क्रोमियमला १६ ग्रॅम लागतं आणि ते सगळं लोह शेवटी साक्यात येतं. फिल्टर प्रेस (साका दाबून पाणी काढणारं यंत्र) लहान असेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

## टप्पा ५: पाणी एकत्र करणं आणि धातू उतरवणं

आता फोडलेल्या सायनाइडचं पाणी, हिरवं झालेलं क्रोमचं पाणी आणि आम्ल-अल्कली पाणी एका टाकीत येऊ शकतं. त्याआधी दोन गोष्टी नक्की झालेल्या हव्यात: सायनाइड शून्याजवळ आणि क्लोरीन शून्य. क्लोरीन उरला असेल तर तो अल्कली पाण्यात तीन संयुजेच्या क्रोमियमला पुन्हा सहा संयुजेचं करतो. टाकीत पाणी हिरवं, बाहेर जाताना पिवळसर, अशी तक्रार आली की मी आधी हायपोचा पंप बघतो.

आता पीएच वर न्यायचा, पण कितीवर? धातूंच्या हायड्रॉक्साइडची एक गंमत आहे. पीएच वाढवला की ते उतरतात आणि अति वाढवला की त्यातले काही पुन्हा विरघळतात. प्रत्येकाची जागा वेगळी:

- क्रोमियम (तीन संयुजेचं): ७.५ ते ८.५
- तांबं: ८.५ ते ९.५
- झिंक: ९ ते ९.५
- निकेल: १० ते १०.५
- कॅडमियम: ११ च्या आसपास

क्रोमियम आणि निकेल एकाच टाकीत असेल तर दोघांनाही खूश ठेवता येत नाही. ९ ते ९.५ वर तडजोड होते. लोहाचा साका सोबत असेल तर तो दोघांनाही थोडं ओढून नेतो, म्हणून ही तडजोड बऱ्याचदा खपून जाते. खपली नाही तर दोन टप्पे करा: आधी ८.५ ला क्रोमियम उतरवून साका काढायचा, मग १०.३ ला निकेल. साका न काढता नुसता पीएच वर नेणाऱ्यांना दोन टप्प्यांचा काहीच फायदा मिळत नाही.

चुना की कॉस्टिक? चुन्याने साका जड होतो, चटकन बसतो, पाण्यात फ्लोराइड असेल तर तेही बरंचसं उतरतं. पण साका जास्त निघतो. कॉस्टिकने साका कमी, पण हलका आणि फुगीर, आणि पीएच झटकन पुढे पळतो. मी ७.५ पर्यंत चुना आणि शेवटचा टेकू पातळ कॉस्टिकने देतो.

पीएच सरळ रेषेत चढत नाही हे लक्षात असू द्या. हजार लिटर पाणी पीएच २ ला असेल तर नुसतं आम्ल मारायला ४०० ग्रॅम कॉस्टिक लागतं, पीएच ३ ला असेल तर फक्त ४०. धातूंचा खप वेगळा. सुरुवातीला बादली ओतावी लागते आणि शेवटी मगही जास्त होतो. ६ आल्यावर हात आखडता घ्या.

हवा तो पीएच आला की लगेच खूश होऊ नका. हायड्रॉक्साइड तयार होताना पाण्यातली अल्कली वापरली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा अर्ध्या-पाऊण अंकाने खाली येतो. पुन्हा दुरुस्त करा, पुन्हा दहा मिनिटं थांबा.

पुढे जाण्याआधी: मगभर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळून त्यातला धातू मोजा. विरघळलेला धातू इथेच कमी दिसला पाहिजे. इथे जास्त असेल तर पुढे पॉली, क्लॅरिफायर (निवळण्याची टाकी), गाळणी काहीही त्याला पकडणार नाही. पीएच बरोबर असूनही आकडा जास्त येत असेल तर धातूला धरून ठेवणारं काहीतरी पाण्यात आलंय. तेव्हा त्या पाण्याची टाकी वेगळी करा आणि ऑर्गॅनोसल्फाइड वापरून पहा. सोडियम सल्फाइड वापरायचं असेल तर पाणी पक्कं अल्कली ठेवा, आम्लात त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो.

## टप्पा ६: जार टेस्ट, मग फेरिक आणि पॉली

धातू उतरले तरी कण इतके बारीक असतात की तासन्‌तास तरंगत राहतात. त्यांना गोळा करायला आधी फेरिक क्लोराइडसारखं रसायन आणि मग पॉली लागतं.

घरच्या सवयीने कित्येकजण तुरटी टाकतात. पिण्याच्या पाण्याला ती छान, पण इथे पीएच ९ च्या वर आहे. तिथे तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम स्वतःच विरघळतं आणि बाहेरच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम वाढवून ठेवतं. या पीएचला फेरिक घ्या.

डोस ठरवायला जार टेस्टशिवाय मार्ग नाही आणि ती वीस मिनिटांत घाईने उरकायची गोष्ट नाही. रीत अशी:

१. फेरिकचं १ टक्का द्रावण करा, म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम. एक लिटरच्या जारमध्ये याचं १ मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम डोस.
२. पॉलीचं ०.१ टक्का द्रावण करा. याचं १ मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम.
३. सहा जारमध्ये टप्पा ५ मधलं पाणी साक्यासकट, नीट ढवळून, एकेक लिटर भरा. फेरिक ०, २, ४, ६, ८, १० मिलिलिटर टाका.
४. एक मिनिट जोरात ढवळा, मिनिटाला १२० ते १५० फेरे.
५. लगेच प्रत्येक जारचा पीएच बघा. फेरिक आम्लधर्मी आहे, पीएच खाली ओढतं. उतरला असेल तर कॉस्टिकने परत जागेवर आणा. ही पायरी गाळली की जास्त डोसचा जार नापास होतो आणि आपण फेरिकलाच दोष देतो.
६. प्रत्येकात पॉली १ ते २ मिलिलिटर टाका आणि ३० फेऱ्यांवर दहा-पंधरा मिनिटं फिरवा.
७. थांबवा. अर्धा तास बसू द्या.

बसत असताना समोर बसून बघा. चांगला फ्लॉक (गोळा झालेल्या कणांचा दाणा) साबुदाण्याएवढा दिसतो, दाणेदार असतो आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांतच खाली सरकतो. ढगासारखा मोठा पण फुगीर फ्लॉक दिसायला देखणा असतो, क्लॅरिफायरमध्ये मात्र वर येतो. पाणी तारेसारखं ओढलं जात असेल, बोटाला बुळबुळीत लागत असेल तर पॉली जास्त झालंय. वरच्या निवळीतलं पाणी मधल्या उंचीवरून काढा आणि धातू मोजा. सगळ्यात स्वच्छ दिसणारा जार आणि सगळ्यात कमी धातूचा जार एकच असेल असं नाही.

पॉली कालवताना: पाणी जोरात फिरत असताना भोवऱ्यात पावडर चिमटीने भुरभुरवा. एकदम ओतली की माशाच्या डोळ्यासारखे गोळे होतात आणि ते कधीच विरघळत नाहीत. अर्धा ते एक तास मुरू द्या, मगच वापरा. सांडलेली पावडर पाण्याने धुवायला जाऊ नका, फरशीवर साबणापेक्षा वाईट घसरण होते. आधी कोरडीच झाडून घ्या.

टाकीत डोस देताना जारमधलीच लय पाळा: फेरिकला जोरात, पॉलीला हळू. फ्लॉक झालेलं पाणी वेगवान पंपाने क्लॅरिफायरमध्ये ढकलू नका. सगळे दाणे फुटतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. उताराने जाऊ द्या.

## टप्पा ७: निवळणं, गाळणं आणि शेवटचा पीएच

निवळी वरून काढा, वाळूच्या गाळणीतून न्या आणि त्यानंतरच पीएच परवान्यातल्या पट्ट्यात आणा. हा 'त्यानंतर' महत्त्वाचा. साका टाकीतच असताना आम्ल टाकलं की उतरलेलं निकेल आणि झिंक पुन्हा पाण्यात येतं आणि दिवसभराची मेहनत अर्ध्या तासात पाण्यात जाते, अक्षरशः. गाळणीच्या पुढे छोटी वेगळी टाकी ठेवा आणि तिथेच पीएच दुरुस्त करा. आम्ल जास्त पडलं तरी तिथे विरघळायला साका नसतो.

गाळणी उलटी धुतलेलं पाणी टप्पा ५ च्या टाकीत परत जायला हवं, गटारात नाही.

## टप्पा ८: साका

टाकीच्या तळचा साका फिल्टर प्रेसला द्यायचा. दाबून निघालेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी ते टप्पा ५ लाच परत. पहिली पाच-दहा मिनिटं ते हमखास गढूळ असतं. केक (दाबून उरलेला साका) छपराखाली, पक्क्या फरशीवर, घातक कचऱ्याचं लेबल लावून ठेवा आणि आम्लाच्या ड्रमपासून लांब ठेवा. पावसाचं पाणी लागलं की धातू पुन्हा मोकळा होतो.

> सावध: साक्याच्या टाकीत साफसफाईला उतरायचं तर आधी आतली हवा मोजा, वर माणूस उभा करा, दोर बांधा. आत कुणी कोसळला तर त्याला काढायला तसंच उडी मारू नका.

## अहवाल नापास आला तर

डोस वाढवण्याआधी बाहेरच्या पाण्याचे दोन नमुने घ्या, एक तसाच आणि एक ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला. दोन्हींत धातू मोजा.

गाळलेल्यातही जास्त असेल तर दुखणं रसायनाचं आहे. क्रोमियम असेल तर टप्पा ४ ची गुलाबी चाचणी आणि टप्पा ३ चा उरलेला क्लोरीन बघा. निकेल किंवा तांबं असेल तर टप्पा ५ चा पीएच आणि अमोनिया-ईडीटीएचं पाणी कुठून येतंय ते शोधा.

गाळलेला चांगला आणि न गाळलेला वाईट असेल तर रसायन बरोबर आहे, साका निसटतोय. पॉलीचं द्रावण किती दिवसांचं आहे, क्लॅरिफायरमध्ये साका किती उंच आलाय, गाळणी शेवटची कधी धुतली, याच क्रमाने बघा.

दोन्ही नमुने चांगले आणि तरीही अहवाल वाईट असेल तर नमुन्याची बाटली आणि तो कुठून घेतला ती जागा बघा. नमुना नेमका गाळणी उलटी धुवायच्या वेळी भरलेला निघाला, असं मी दोनदा पाहिलंय.